पाणी हुंगणारा माणूस

मोघेसाहेब पाणी आधी हुंगायचे, मग उजेडात धरून बघायचे आणि मग, पटलं तर, प्यायचे. बहुतेक वेळा पटायचं नाही. मग नाक वर जायचं, ओठ वाकडे व्हायचे आणि एकच शब्द बाहेर पडायचा, "शी!" तो शब्द त्यांनी माझ्यासमोर पाण्याला वापरला, चहाला वापरला, माझ्या टँकरच्या सीटला वापरला आणि एकदा माझ्या पायांनाही वापरला. मी चौथी शिकलेला, माण तालुक्यातला धनगर. शेळ्यामेंढ्यांत वाढलो. आमच्याकडं पाणी दिसलं की पितात, हुंगत बसत नाहीत. तेव्हा ह्या माणसाबद्दल मी कधी चार ओळी लिहीन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच शी म्हणालो असतो.

मी शारजात एका अरबाबाच्या टँकरवर ड्रायव्हर होतो. अरबाब म्हणजे मालक. आमचा धाकटा अरबाब इमारतींच्या धंद्यात होता. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये त्याचं काचेचं ऑफिस, आणि मोघेसाहेब त्या ऑफिसचे ॲडमिन मॅनेजर. दोन हजार आठ साल सरता सरता तो धंदा बसला. काल ज्या साइटवर मी पाणी ओतत होतो तिथं आज क्रेन तशीच आकाशात हात लांब करून उभी. विमानतळावर लोक गाड्या टाकून पळाले. त्यात नवीन काही नाही, सगळ्यांनी बघितलंय. मला किळस आली ती दुसऱ्याच गोष्टीची. टॉवरमधल्या लोकांनी कुत्री सोडली, मांजरं सोडली, कुणी तर घोडा सोडला. धैदच्या पुढं डोंगराकडं जी खडकाळ माळरानं आहेत, तिथं मी एक पांढरा घोडा बघितला, नाल ठोकलेला, शेपटी कापून सारखी केलेली. तो रस्त्याकडेच्या डबक्यातलं गाडी धुतलेलं पाणी पीत होता.

त्याच माळावर अरबाबाच्या बापाचा इज्बा होता. इज्बा म्हणजे जनावरांचा वाडा समजा. तारेचं कुंपण, पत्र्याच्या शेडी, शेळ्यांचे कळप, थोडे उंट, आपल्या शमीसारखी चार-दोन गाफाची झाडं आणि मधोमध म्हाताऱ्यानं तरुणपणी खणलेली गोड्या पाण्याची विहीर. त्या मुलखात गोडं पाणी म्हणजे काय चीज आहे ते टॉवरवाल्यांना कळायचं नाही. विहिरीपासून थोडं लांब एक नवा खोल बोअर होता. त्याचं पाणी खारं, आणि नळ सोडला की सडक्या अंड्यासारखा भपका. ते फक्त धुण्याबिण्याला.

आणि कुंपणाच्या बाहेर, वाटेला लागून, एक सिमेंटचा हौद. विहिरीवरून त्याला पाइप. हा हौद म्हाताऱ्यानं बायको गेल्यावर तिच्या नावानं बांधला होता. कुणाचंही जनावर येवो, कुणीही वाटसरू येवो, त्यानं प्यावं. त्याला झाकण नाही, कुलूप नाही, विचारणं नाही. म्हातारा संध्याकाळी खुर्ची टाकून त्या हौदाशी बसायचा आणि कोण प्यायला येतंय ते बघायचा. दुसरा छंद नव्हता त्याला.

ऑफिस बंद पडल्यावर धाकट्यानं मोघेसाहेबांना तिथं पाठवलं. "टेंपररी, हबीबी. मार्केट उठलं की परत." मोघेसाहेबांनी मान हलवली, कारण त्यांची मुलगी ईशा शाळेच्या शेवटाकडं आली होती आणि बापाचा व्हिसा गेला की लेकीची शाळा गेली. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी टँकरमध्ये सांगितलं, सीटवर वर्तमानपत्र अंथरून बसल्यावर.

"तात्या, तिची बारावी होऊ दे. मग मी ह्या अरबाबाच्या तोंडावर राजीनामा मारतो."

"मारा की," मी म्हणालो.

"तोपर्यंत मात्र येस सर."

ते आले ते टाय लावून. वाळवंटात टाय! पायांत काळे बूट, खांद्याला ऑफिसची बॅग आणि हातात फिरकीचा तांब्या. पितळी, आतून कल्हई केलेला, झाकण फिरवून बसणारा. त्या तांब्यात बाटलीचं सीलबंद पाणी ओतायचं आणि वरून, ओठ न लावता, गटागट प्यायचं. एक थेंब शर्टावर पडायचा नाही. चालत्या टँकरमध्ये, खड्ड्यातसुद्धा पडायचा नाही. ते मात्र बघण्यासारखं होतं, खोटं कशाला बोलू.

इज्ब्यावर बलुची गुराखी होता, गुलजान. त्यानं पाहुणा म्हणून हौदातलंच पाणी मगात भरून पुढं केलं. मोघेसाहेबांनी हौदात डोकावून बघितलं. कडेला हिरवी बुरशी, वर उंटाची लाळ तरंगतेय, एक शेळी पाय घालून उभी.

"हे पाणी आहे की सूप?" ते म्हणाले. "गुलजान, आप ये पीते हो?"

"पीता है साब. बकरी भी पीता है, हम भी पीता है."

"शी!"

मला वाटलं, हा माणूस आठवडा काढायचा नाही.

दुसऱ्या आठवड्यात म्हाताऱ्या अरबाबानं त्यांना दुधाला बोलावलं. तिथली रीत अशी की उंटिणीचं ताजं दूध एका मोठ्या वाडग्यात काढतात, घरचा वडीलधारा पहिला घोट घेतो आणि वाडगा शेजाऱ्याकडं देतो. तो एक घोट घेतो, पुढं देतो. म्हातारा प्याला, मिशीचा फेस पुसला आणि वाडगा मोघेसाहेबांच्या हातात दिला. मोघेसाहेब वाडग्याकडं असे बघायला लागले की जणू त्यात उंदीर पडलाय.

"तात्या," ते मराठीत पुटपुटले, "उष्टं आहे हो हे."

"प्या गुपचूप. मालकाचा बाप आहे."

"मालकाचा बाप असला म्हणून उष्टं काय स्वच्छ होतं? शी!"

म्हाताऱ्याला बरं हिंदी यायचं, मुंबईला होडीनं जाऊन आलेला जुना माणूस. त्यानं मला विचारलं, "ये शी क्या है?"

आता काय सांगणार? मी म्हणालो, "अरबाब, इनका रिवाज है. किसी का मुँह लगा हुआ नहीं पीते. और शी मतलब... मतलब गंदा."

गुलजान तर खालीच बघायला लागला. त्या लोकांत वाडगा परत करणं म्हणजे तोंडावर थुंकण्यासारखं. पण म्हाताऱ्यानं मोघेसाहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, त्यांच्या हातातला तांब्या बघितला आणि गुलजानला अरबीत काहीतरी हुकूम दिला. गुलजान तांब्या घेऊन गेला आणि थेट उंटिणीच्या कासेखाली धरून त्यात धार काढून आणली. फेस वर आलेला, ऊन-ऊन.

"अब किसी का मुँह नहीं लगा," म्हातारा म्हणाला. "सिर्फ ऊंट का बच्चा."

मोघेसाहेबांनी हुंगलं. सगळे त्यांच्या नाकाकडं बघत होते. मग त्यांनी तांब्या वर धरला आणि बारीक धारेनं अख्खा रिकामा केला. म्हातारा तोंड उघडं टाकून बघत राहिला. त्यानं आपल्या नोकराला वाडगा भरायला लावला आणि स्वतः तसं वरून प्यायला गेला. दाढी, छाती, अंगातला लांब कंदुरा सगळं दुधानं भिजलं. खाली बघून म्हातारा म्हणाला, "शी!" आणि असा हसला की त्याला खोकल्याची उबळ आली.

त्यानंतर त्या दोघांचं जमलं. म्हातारा त्यांना "मोगी" म्हणायचा. संध्याकाळी दोन खुर्च्या हौदाशी पडायला लागल्या. एक म्हाताऱ्याची, आणि दुसरी हौदापासून जरा लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला, मोघेसाहेबांची.

पण माणूस सुधारला असं समजू नका. उन्हाळ्यात त्यांनी एक प्रताप केला. हौदातली बुरशी बघून बघून त्यांना जेवण जाईना म्हणे. एके दिवशी शारजातून ब्लीचिंग पावडरचा डबा आणला, आणि आपल्या गावाकडं विहिरीत टाकतात तसा अंदाजानं हौदात ओतला. दुपारी उंट प्यायला आले. पहिली पुढं आली ती सगळ्यांत थोरली उंटीण. तिनं तोंड खाली नेलं, हुंगलं, नाकपुड्या मिटल्या, फुर्रकन शिंकरली आणि मान वळवून चालती झाली. तिच्या मागं सगळे. जळत्या उन्हात तहानलेला कळप पलीकडच्या इज्ब्याकडं निघाला आणि गुलजान त्यांच्या मागं बोंबलत पळतोय.

परत आल्यावर तो मोघेसाहेबांसमोर उभा राहिला, घामानं निथळत. "साब, ऊंट को दवाई पिलाता है? ऊंट क्या बीमार है? आप बीमार है!"

"अरे, हायजीन नावाची काही गोष्ट असते की नाही!"

"हाजी जीन कौन है? उसको बुलाओ, वो ऊंट पकड़ेगा!"

मी टँकरला टेकून हसत होतो. मोघेसाहेब लालबुंद झाले. पण एक सांगतो, त्यांनी गुलजानवर साहेबी केली नाही. टाय खांद्यावर टाकली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि हौदात उतरले. सगळं पाणी सोडून दिलं. ब्रश घेऊन तळ घासला, कोपरे घासले, परत भरलं, हुंगलं, "अजून येतोय वास" म्हणून परत सोडलं. उन्हं कलेपर्यंत हेच. शेवटी पाइपातून विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन नाकाशी नेलं आणि तसेच थांबले. परत हुंगलं. मग तांब्या मागवला, भरला, आणि पहिल्यांदा त्या माळावरचं पाणी प्याले.

"तात्या," ते म्हणाले, "ह्याला काही वास नाही. गोड आहे. ह्याला म्हणतात पाणी. आणि ह्या येड्यांनी त्यात लाळ कालवलीय!"

थोरली उंटीण आली. तिनं हुंगलं आणि पिऊ लागली. गुलजान म्हणाला, "दो ही लोग है इधर सूँघ के पीने वाला. एक ये, एक साब."

त्या दिवसापासून बाटल्या बंद. तांब्यात विहिरीचं पाणी. आणि रोज सकाळी, ऑफिसात लोक फाइल उघडतात तसं, ते ब्रश घेऊन बाहेरचा हौद घासायचे. टाय लावून. जनावरांना शिव्या देत. "काय ही लाळ! आईनं काही शिकवलं की नाही तुम्हाला?"

टॉवर विकले जाईनात, तेव्हा धाकट्या अरबाबाच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. इज्ब्याचे तुकडे पाडायचे आणि टॉवरमधल्या लोकांना विकायचे. इज्बा म्हणायची लाज वाटत होती म्हणून त्याचं नाव ठेवलं रँच. प्लायवूडचा एक नमुना बंगला उभा केला, पुढं हिरवळीच्या गुंडाळ्या आणून अंथरल्या, एक तळं खणून त्यात प्लास्टिक टाकलं आणि मधोमध कारंजं. माळावर, जिथं शेळीला काटा खायला मिळत नाही, तिथं कारंजं. मी त्या हिरवळीवर टँकर उभा करून बघत राहिलो होतो.

हिवाळा लागता लागता धाकटा आला आणि हुकूम सोडला. विहिरीचं सगळं गोडं पाणी तळ्याला आणि हिरवळीला. जनावरांना बोअरचं. आणि बाहेरचा हौद बंद, कारण गिऱ्हाइकं येणार त्या वाटेवर दुसऱ्यांची मोकाट जनावरं दिसायला नकोत.

"सर, द बोअर वॉटर..." मोघेसाहेब म्हणाले.

"इट्स गुड वॉटर. दे आर ॲनिमल्स, हबीबी." आणि मग सहज विचारावं तसं, "युवर डॉटर, व्हिच क्लास?"

"ट्वेल्थ, सर."

"इन्शाल्ला शी विल पास."

मोघेसाहेब म्हणाले, "येस सर."

म्हाताऱ्याला हे कळलं नाही. तो तेव्हा पडून होता, पाय मोडला होता, शारजात मोठ्या मुलीकडं. धाकट्यानं बरोबर वेळ साधली. कंपनीचा फिटर आला, पाइप फिरवले, नवे-जुने सगळे एकाच निळ्या रंगात रंगवून गेला. बाहेरचा हौद दोन दिवसांत कोरडा.

मला त्या दिवसांत मोघेसाहेबांची किळस यायची. मी तोंडावर बोललो, "साहेब, माझ्या पायांना शी म्हणता. आता कुठं गेली तुमची शी?"

"मार्चपर्यंत, तात्या," ते खाली बघून म्हणाले. "तिचे पेपर होऊ देत. फक्त मार्चपर्यंत."

"शेळ्या आत्ता व्यायला लागल्यात."

मी थुंकलो आणि टँकर सुरू केला.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तांब्या परत बाटलीच्या पाण्यानं भरायला लागला होता. विहिरीचं गोडं पाणी तळ्यात कारंज्यातून नाचत होतं, हात लांबवला तर मिळत होतं, पण हा माणूस त्यातला एक घोट घेत नव्हता. आणि सकाळी ब्रश घेऊन बाहेरचा कोरडा हौद घासत होता. कोरडा! माळावरची मोकाट जनावरं सवयीनं यायची, सिमेंट चाटायची आणि हा घासून घासून त्यांना चाटायला सिमेंट स्वच्छ करून देत होता. मला ते बघवायचं नाही. हसावं की कानाखाली द्यावी कळायचं नाही.

आतल्या जनावरांचे हाल वेगळे. त्या घाण पाण्याला उंट तोंड लावायचे आणि मान झटकायचे. शेळ्या प्यायल्या, कारण शेळीला पर्याय नसतो. हगवण लागली. गाभण शेळ्या गाभ टाकायला लागल्या. एके सकाळी गुलजाननं चाऱ्याचं पोतं उचललं आणि मोघेसाहेबांच्या खोलीच्या दारात नेऊन उपडं केलं. मेलेली करडं. काही नुसतीच गुलाबी, केस न आलेली. मी लसूणघास उतरवत होतो, हातातला भारा तसाच राहिला.

गुलजान म्हणाला, "साब, सूँघो."

मोघेसाहेब दारात उभे. अर्धी बांधलेली टाय. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो, आता नाक वर जाईल, आता तो शब्द येईल. आला नाही. ते खाली बसले, करडं एकेक करून पोत्यात परत ठेवली, स्वतःच्या हातानं. ज्या माणसानं वर्षभर दाराची कडी रुमालानं धरली त्यानं. मग गाफाखाली खड्डा खणून ती पुरली. गुलजान मदतीला गेला तर त्याला हातानं थांबवलं.

रँचचा मोठा दिवस फेब्रुवारीच्या शेवटाला ठरला. थंडीचा शेवट, हवा चांगली. दुपारी टॉवरमधली मंडळी येणार, तळ्याकाठी टेबलं, जेवण, मग प्लॉट दाखवायचे. धाकट्यानं बापालाही चाकाच्या खुर्चीतून आणायचं ठरवलं होतं. म्हातारा बेदू, म्हणजे वाळवंटातला जुना अरब, बसलेला दिसला की गिऱ्हाइकांना बरं वाटतं म्हणे. स्वतःच्या बापाला शोभेला मांडायचा, याला काय म्हणायचं?

सकाळी मी खुर्च्या उतरवत होतो. मोघेसाहेब आले. "तात्या, मोठा पाना द्या."

"कशाला?"

"द्या हो."

पंपाच्या खोलीत सगळे पाइप निळेच. कुठला विहिरीचा, कुठला बोअरचा, फिटरलाच ठाऊक. मोघेसाहेबांनी एकेक जोड थोडा सैल केला, बोट ओलं केलं आणि नाकाशी नेलं. एकाला मान हलवली. एकाला तोंड वाकडं केलं. मग व्हॉल्व्ह फिरवायला लागले. त्यांचा जोर पुरेना, पण मला हात लावू देईनात.

"तुमचा व्हिसा पण त्याच्याकडंच आहे, तात्या. तुम्ही खुर्च्या मोजा जाऊन."

"साहेब, मार्च?"

ते पाना ओढत म्हणाले, "शेळ्यांना कुठला मार्च?"

दुपारी पाहुणे आले. उंची गाड्या, उंची चष्मे. म्हातारा अरबाब तळ्याकाठी खुर्चीत, पायावर शाल. मोघेसाहेब टाय लावून स्वागताला, हातात तांब्या. सकाळपासून कारंज्यातून बोअरचं पाणी उडत होतं आणि तळ्यात मिसळत होतं, पण वारा डोंगराकडून होता म्हणून कुणाला कळलं नाही. जेवण वाढायला घेतलं आणि वारा फिरला.

पहिल्यांदा एका बाईनं ओढणी नाकाला लावली. तिच्या नवऱ्यानं आपल्या बुटाचा तळ बघितला. मग सगळेच इकडं-तिकडं बघायला लागले, जो तो दुसऱ्याकडं. एक आपल्याकडचंच कुटुंब होतं, त्यांचं पोरगं मोठ्यानं म्हणालं, "ममा, हू फार्टेड?"

"गप रे! तसं बोलू नये," आई म्हणाली आणि तिला स्वतःलाच ठसका लागला.

कारंजं जोरात उडत होतं. बारीक तुषार भातावर, सॅलडवर, बायकांच्या केसांवर. सडकी अंडी, सडकी अंडी, नुसती सडकी अंडी. धाकटा अरबाब मोघेसाहेबांजवळ येऊन दातांतून म्हणाला, "व्हॉट इज धिस?"

मोघेसाहेब दातांतून बोलले नाहीत. ऑफिसात मीटिंग घेतात तशा स्वच्छ आवाजात बोलले. "सर, धिस इज द ॲनिमल वॉटर. यू सेड, इट्स गुड वॉटर."

कारंज्याचा तेवढा आवाज. म्हाताऱ्यानं गुलजानला जवळ बोलावलं आणि अरबीत विचारलं. गुलजाननं सांगितलं. बरंच सांगितलं. मला अरबी बेताचं येतं, पण हौद, करडं आणि गाफाचं झाड एवढं कळलं. म्हातारा ऐकत होता आणि त्याची मान हळूहळू लेकाकडं वळत होती. पाहुण्यांसमोर, जेवणासमोर, तो लेकाकडं बघून मोठ्यानं म्हणाला,

"शी!"

मग मोघेसाहेबांना म्हणाला, "मोगी, यल्ला, चलो. हौद."

मोघेसाहेबांनी त्याची खुर्ची ढकलली. हिरवळीत चाकं रुतली, मी हात लावला. कुंपणाबाहेर हौद काठोकाठ भरलेला, पाइपातून विहिरीची धार चालू, आणि कुणाकुणाची जनावरं मान घालून पितायत. थोरली उंटीणही तिथंच होती, गुलजाननं फाटक उघडून दिलं असणार. म्हातारा पार्टी संपेपर्यंत तिथंच बसून राहिला. मोघेसाहेब शेजारी उभे, वाऱ्याच्या उलट बाजूला.

गाड्या गेल्यावर धाकटा बाहेर आला. बापासमोर तो विहिरीबद्दल काही बोलू शकला नाही. पण व्हिसा बापाच्या हातात नव्हता.

"टुमॉरो, कॅन्सल. खलास."

"खलास, सर," मोघेसाहेब म्हणाले आणि गळ्यातली टाय काढून खिशात ठेवली.

त्या संध्याकाळी मी त्यांना शारजाच्या घरी सोडलं. वहिनींनी दार उघडलं आणि सगळं ऐकल्यावर भिंतीला धरून खाली बसल्या. "महिनाभर थांबला असतात तर काय बिघडलं असतं हो? एक महिना! पोरीचं वर्ष आहे."

ईशा पुस्तक घेऊन आतून आली. बापाकडं बघितलं. "बाबा, इट्स ओके. आय विल मॅनेज." मग नाक वर गेलं, अगदी बापासारखं. "बट प्लीज टेक अ बाथ. यू स्टिंक!"

व्हिसा रद्द झाल्यावर देश सोडायला महिन्याची मुदत मिळते. त्या मुदतीत पोरीनं पेपर दिले. शेवटचा पेपर झाला त्याच आठवड्यात त्यांची तिकिटं होती. काय कमावलं म्हणाल तर एक बारावी पास झालेली पोरगी आणि एक तांब्या. पुण्यात कुठल्याशा सोसायटीत मॅनेजर म्हणून लागले असं नंतर कळलं. तिथल्या टाक्या स्वच्छ असणार, एवढं मी छातीठोक सांगतो.

रँच विकली गेली नाही. म्हातारा होता तोवर हौद भरलेला राहिला. तो गेला आणि पुढं धाकट्यानं विहिरीत इतके मोठे पंप टाकले की विहीरही खारी झाली. मी ती नोकरी सोडली, पण दुसऱ्या मालकाचा टँकर घेऊन एकदा त्या वाटेनं गेलो होतो. हौदात वाळू, पेप्सीचे डबे आणि एक मेलेला कावळा. हिरवळीचा पत्ता नाही, कारंज्याचा पाइप तेवढा उभा. मी उतरलो नाही. खिडकीतूनच थुंकलो आणि पुढं गेलो.

पण मला मोघेसाहेब आठवतात ते विमानतळावरचे. वहिनी आणि ईशा सामान घेऊन टॅक्सीनं गेल्या, साहेबांना मीच सोडायला गेलो होतो. जाण्याआधी त्यांनी टँकर इज्ब्यावरून घ्यायला लावला. तेव्हा हौद भरलेला होता. त्यांनी ब्रशनं एकदा कडा घासल्या, गुलजानला दहा सूचना दिल्या, आणि तांब्या विहिरीच्या पाण्यानं भरून झाकण फिरवलं.

विमानतळावर तपासणीच्या यंत्राशी त्यांना अडवलं. मी काचेच्या अलीकडं उभा होतो, पण दार उघडं होतं, आवाज येत होता. शिपायानं झाकण उघडायला लावलं. पाणी. पाणी आत न्यायचं नाही. त्यानं शेजारच्या कचऱ्याच्या डब्याकडं बोट दाखवलं. त्यात अर्धवट प्यायलेल्या बाटल्या, कॉफीचे कप, चघळलेलं च्युइंगगम.

"इन धिस?" मोघेसाहेबांनी डब्यात डोकावलं. "शी!"

मागं रांग खोळंबली. वहिनी म्हणत होत्या, "अहो, ओता ना एकदाचं." शिपाई म्हणाला, "यल्ला, यल्ला." मोघेसाहेबांनी बॅग खाली ठेवली, मान मागं टाकली आणि तांब्या वर धरला. बारीक, न तुटणारी धार. गळ्याची घाटी वर-खाली होत होती. शिपाई हात कमरेवर ठेवून बघत राहिला, रांग बघत राहिली. तांब्या मोठा होता. मध्ये ते एकदा थांबले, नाकानं श्वास घेतला, आणि परत सुरू झाले. शेवटचा थेंब पडल्यावर त्यांनी तांब्या उपडा करून शिपायाला दाखवला, झाकण फिरवलं आणि यंत्राच्या पट्ट्यावर ठेवला.

शर्टावर एक थेंब नव्हता.